जाहिरातीतली कस्तुराबाई

त्या दिवशी सकाळी कस्तुराबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती. थंडीचे दिवस होते. वाफ्यांत मेथी, पालक, सांबार हिरवंगार उभं होतं. तिचे यजमान बापूराव छोट्या मालवाहू गाडीत वांग्यांच्या पाट्या चढवत होते. कारंज्याच्या बाजारात लवकर पोहोचलं तरच बरा भाव मिळतो, म्हणून दोघांचीही घाई चालली होती. तेवढ्यात धीरज, त्यांचा मुलगा, एका पाहुण्याला घेऊन आला. पाहुण्याच्या गळ्यात कॅमेरा होता.

"माय, हे मुकेशभाऊ. वाशीमचे. मुक्कामसाथी कंपनीत हायेत. तुहा फोटो काढाचा हाय."

"माहा फोटो? कायले?"

"आपल्या त्या दोन खोल्या मोबाईलवर टाकाच्या हायेत. पुण्या-मुंबईचे लोक येतीन राहाले."

शेताच्या बांधाला लागून दोन खोल्या होत्या. वर टिन. एकेकाळी त्यांत कांदा ठेवत. धीरजने मागच्या वर्षी त्यांना रंग दिला, पलंग आणले, न्हाणीघर बांधलं. बी.ए. होऊन नोकरी नाही. मोबाईलचं दुकान टाकलं, तेही चाललं नाही. आता हे नवं. कस्तुराबाईला वाटलं, पोराचं मन कशात तरी रमतंय, रमू द्यावं. ती हातातली जुडी खाली ठेवून उठली, पदर नीट केला.

"आई, हसा जरा," मुकेश म्हणाला. "शहरातल्या लोकांना आई पाहिजे असते. आईच्या हातचं जेवण म्हटलं की लगेच बुकिंग येतं."

कस्तुराबाई हसली. कॅमेऱ्यासमोर बाया हसतात तशी, थोडी लाजून. तेवढंच तिनं केलं. त्या हसण्याखाली पुढे काय लिहिलं जाणार आहे, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. आपल्याकडे बाईचा अंगठा, बाईची सही, बाईचं नाव आणि आता बाईचा चेहरा, काहीही वापरायचं असलं तर तिला विचारायची पद्धत नाही. घरातलाच माणूस पुढं करतो, आणि घरातलाच आहे म्हणून ती उभी राहते.

जाहिरात इंग्रजीत लागली. "कस्तुरा आईचं शेतघर" असं तिचं नाव. वर तिचा फोटो. खाली निळ्याशार पाण्याचा तलाव, जो वाशीम जिल्ह्यातच काय, कुठला होता देव जाणे. धीरजने तो पाहिला तेव्हा त्यालाही जरा कसंतरीच झालं.

"भाऊ, हा तलाव कुठला? आपलं तर शेततळं हाय. प्लास्टिक टाकलेलं."

"अरे, पाणी आहे ना? झालं तर. कोण मोजून पाहतं?" मुकेश हसला. "एसी लिहू. कूलर म्हणजे गारवाच ना? जनरेटर लिहू, पुढच्या वर्षी घेशीलच. व्हीलचेअर जाईल असा उतार, दवाखाना पाच मिनिटांवर. या खुणा केल्या की तुझं नाव यादीत वर येतं. सगळेच करतात, धीरज. तू एकटाच हरिश्चंद्र झालास तर तुझ्या खोल्यांत उंदीर राहतील."

सगळेच करतात. या दोन शब्दांनी या देशात जेवढी घरं बुडवली असतील तेवढी पुरानंही बुडवली नसतील. हुंडा सगळेच घेतात. पोरीचं लग्न सगळेच लवकर उरकतात. दुधात पाणी सगळेच घालतात. धीरजने मान हलवली आणि मुकेशच्या बोटाची एकेका खुणेवर टिचकी पडत गेली.

हिवाळ्यात काही पाहुणे येऊन गेले. कॉलेजची पोरं होती, हुरडा खाल्ला, शेकोटी केली, गेली. एक जोडपं मात्र तलाव कुठं आहे म्हणून धीरजवर ओरडलं, आणि त्याच दिवशी निघून गेलं. त्यांना पैसे परत मिळाले नाहीत. त्यांनी कंपनीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, त्याही दोन दिवसांत दिसेनाशा झाल्या. कस्तुराबाईनं विचारलं, "काहून भांडले ते?" धीरज म्हणाला, "शहरातले लोक हायेत माय, त्याईले मच्छर चालत नाई."

मग उन्हाळा आला.

सुचिता पुण्यात बँकेत नोकरीला होती. तिचे वडील जगदेवराव मूळचे वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाचे, पण तरुणपणीच पुण्याला कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं थोडं जड झालं, पण मन शाबूत होतं. कारंज्याला त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी हट्टच धरला. "एकडाव मले आपल्या मुलुखात ने वं पोरी. मंग नाई म्हनत."

लग्नघर तिसऱ्या मजल्यावर, पाहुण्यांनी भरलेलं. गावातले लॉज लग्नसराईत कधीच गेलेले. सुचिताने रात्री-रात्री बसून शोधलं. तिला फार काही नको होतं. चाकाची खुर्ची आत जावी, खोली थंड असावी, वीज गेली तर सोय असावी, आणि दवाखाना जवळ असावा. मुक्कामसाथीच्या पानावर या चारही गोष्टींपुढे हिरवी खूण होती. वर एक बाई हसत होती. सुचिताला त्या बाईकडे पाहून भरवसा वाटला. पैसे तिनं आधीच भरले.

मे महिन्यातल्या भर दुपारी त्यांची भाड्याची गाडी बांधावर थांबली. ड्रायव्हरला अकोल्याचं दुसरं भाडं होतं, तो सामान उतरवून निघून गेला. आणि सुचिता खोलीसमोर उभी राहून पाहतच राहिली. दाराला उतार नव्हता, तीन उंच पायऱ्या होत्या. धीरजनं आणि एका गड्यानं खुर्ची उचलून आत नेली. वर टिन तापलेलं. कोपऱ्यात कूलर, आणि तो बंद, कारण वीज सकाळपासून गेली होती.

"एसी कुठं आहे?"

"कूलर हाय ना ताई. लाईन आली का सुरू होते."

"जनरेटर?"

धीरज बादली घेऊन कूलरच्या टाकीत पाणी ओतायला लागला.

सुचितानं लगेच कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक गोड आवाज आला. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आमचा माणूस पाहणीला निघाला आहे. आम्ही तासाभरात तुम्हाला जवळच दुसरी खोली देतो. पण मॅडम, तोवर खोली सोडू नका. तुम्ही निघालात तर बुकिंग तुम्ही स्वतःच रद्द केलं असं धरलं जाईल. मग परतावाही नाही आणि दुसरी खोलीही नाही.

तिनं चुलतभावाला फोन केला. तो मांडवाच्या गडबडीत होता. "संध्याकाळी गाडी पाठवतो ताई, आत्ता एकही गाडी मोकळी नाही." म्हणून ती थांबली. कंपनीच्या शब्दावर थांबली. तासानं पुन्हा फोन केला. "आमचा माणूस वाटेतच आहे." पुन्हा तासाभरानं केला. "वाटेतच आहे, मॅडम."

तो माणूस म्हणजे मुकेश. तो वाशीमला आपल्या घरी जेवून झोपला होता. पाहणीचा निरोप त्याच्या मोबाईलवर आला होता आणि त्यानं, नेहमीप्रमाणे, घरबसल्या "वाटेत आहे" असं कळवूनही टाकलं होतं.

बाजार आटोपून कस्तुराबाई आणि बापूराव परतले तेव्हा खोलीच्या दारात सुचिता वहीच्या पुठ्ठ्यानं वडिलांना वारा घालत होती. म्हाताऱ्याचा चेहरा लालभडक झाला होता. कस्तुराबाईनं टोपली तिथंच टाकली.

"आवं बाई, या भट्टीत कायले बसवलं त्याईले? मानूस शिजून जाईन! धीरज, बाज टाक लिंबाखाली. समीक्षा, पाणी आन, धोतर भिजवून आन!"

सून समीक्षा धावत आली. जगदेवरावांना लिंबाच्या सावलीत निजवलं. कस्तुराबाईनं ओलं फडकं त्यांच्या कपाळावर, मानेवर, छातीवर फिरवलं, चमच्यानं पन्हं पाजलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"तुमी कुठल्या वं बाई?"

"इथल्याच, भाऊ. बोलू नोका जास्त."

"लय वर्सानं असं बोलनं आयकलं," ते म्हणाले. ओठाच्या एका कोपऱ्यानं हसले. "पोरीले म्हनलं होतं, आपला मुलुख…"

पुढचं बोलणं लागलं नाही. अंग आखडलं, डोळे फिरले. बापूरावांनी मालवाहू गाडी वळवली. मागच्या हौद्यात, वांग्यांच्या रिकाम्या पाट्यांमध्ये, सुचिता वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धीरज त्यांच्यावर ओलं पोतं धरून उभा होता. शेतांमधून जाणारा पांदणरस्ता खोदलेला, पुढे डांबरी रस्त्यावर वरातींची गर्दी. पाच मिनिटांवरचा दवाखाना येता येईना.

तो आला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली आणि सुचिताच्या खांद्यावर हात ठेवला. ऊन लागलं, म्हणाले. आणखी आधी आणायला हवं होतं.

दवाखान्याच्या बाकावर ती बसली असताना तिचा मोबाईल वाजला. मुक्कामसाथीचा संदेश होता. "कस्तुरा आईच्या घरचा तुमचा मुक्काम कसा झाला? आम्हाला पाच तारे द्या!"

वाचकहो, तो संदेश कोणी माणसानं पाठवला नव्हता, यंत्रानं आपोआप पाठवला होता, असा खुलासा कंपनीनं पुढे केला. खरं असेल. पण यंत्राला शिकवणारी माणसंच होती. परतावा कसा नाकारायचा हे त्यांनी यंत्राला चोख शिकवलं होतं. कारण दुसऱ्याच दिवशी, वडिलांची राख सावडण्याआधी, सुचिताला दुसरा संदेश आला. "ग्राहकाने स्वेच्छेने खोली सोडली. परतावा देय नाही. तक्रार बंद करण्यात आली आहे."

स्वेच्छेने!

आठवडा उलटला आणि मुकेश शेतावर आला. या वेळी कॅमेरा नव्हता. सोबत छापील कागद होता.

"त्या बाईनं मोठ्या ऑफिसात तक्रार केली आहे. घाबरायचं काही नाही. फक्त एवढं लिहून द्यायचं की जाहिरातीतलं सगळं इथं होतं, म्हातारा येतानाच आजारी होता, आणि बाई स्वतःहून निघून गेली. खोल्या कस्तुराआईच्या नावावर लावल्या आहेत, म्हणून सही त्यांची."

"आन नाई केली त?" बापूरावांनी विचारलं.

"मग कंपनी म्हणेल, माहिती घरमालकानं दिली, आम्ही फक्त छापली. सगळं तुमच्यावर येईल, काका. पोलीस, कोर्ट. केली तर पुढच्या सीझनला तुमचं घर यादीत पहिलं."

धीरजने पेन काढून आईच्या हातात दिलं. "कर माय. आपल्याच भल्याचं हाय."

कस्तुराबाईनं पेन घेतलं नाही. ती सुनेकडे वळली. "समीक्षा, तुले इंग्रजी येते. त्या मोबाईलवर काय लिवलं हाय ते मले वाचून दाखव. सारं."

"माय, आता कायले—"

"तू चूप बस, धीरज."

समीक्षानं मोबाईल काढला. "प्रत्येक खोलीत एसी," तिनं वाचलं. कस्तुराबाईनं कूलरकडे पाहिलं. "चोवीस तास वीज, जनरेटर." "पोहण्याचा तलाव." "अपंगांसाठी उतार." एकेका ओळीसरशी समीक्षाचा आवाज खाली जात होता. "दवाखाना पाच मिनिटांवर." आणि शेवटी, फोटोखाली, "कस्तुरा आई म्हणतात, निश्चिंत या, मी तुमची काळजी घेते."

कस्तुराबाईनं मोबाईल हातात घेऊन आपला फोटो पाहिला.

"हे मी म्हनलं?" कस्तुराबाईनं विचारलं. "कवा म्हनलं मी हे?"

"तसं लिहायची पद्धत असते, आई," मुकेश म्हणाला.

"त्या पोरीनं माह्या तोंडाकडं पाहून बापाले आनलं. मले वाटे, कंपनीनं फसवलं तिले. मीच फसवलं ना? माह्या तोंडानं फसवलं." ती धीरजपुढे जाऊन उभी राहिली. "तुले मालूम होतं."

"सारेच करते माय! मी एकटा हाय का? नोकरी नाई, धंदा नाई, काय करू मी? तुमच्या वांग्यावर जलम काढू?"

"काढला असता त काय मेला असता? तो म्हातारा त मेला!"

बापूराव पुढे झाले, हळू आवाजात म्हणाले, "कस्तुरा, ते मोठे लोक हायेत. आपलं काय चालते त्याईच्याफुडं? पोरगं फसन. एक सही त हाय."

"पोरगं फसलंच हाय. सही केली त आपन सारे फसतो." तिनं मुकेशचा कागद उचलून त्याच्याच हातात ठेवला. "घेऊन जा. माह्या तोंडानं एकडाव खोटं बोलले तुमी. आता दुसऱ्या डाव नाई."

त्याच संध्याकाळी समीक्षानं बुकिंगमधला नंबर काढून पुण्याला सुचिताला फोन लावून दिला.

तिकडे सुचिताला सगळेच गप्प बसायला सांगत होते. म्हातारं माणूस, आधीच आजारी. बापाच्या मरणावर पैसे मागते असं लोक म्हणतील. चुलतभावानं तर हात जोडले, लग्नघराचं नाव नको त्यात. फसवणाऱ्याला लाज नसते. ती सगळी फसलेल्याच्याच वाट्याला येते, आणि त्याचे नातेवाईकच ती त्याच्या अंगावर पांघरतात. सुचिताही थकली होती. तक्रार मागे घ्यावी, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

"बाई, मी कारंज्याहून कस्तुरा बोलून राह्यली," फोनमधून आवाज आला. "तुमी केस करा. तिथं जे नव्हतं ते नव्हतं म्हनून सांगाले मी येईन. आमचं नावबी घाला त्यात."

पलीकडे तिनं नंबर कागदावर उतरवून घेतला. मग सुचिता म्हणाली, "ठीक आहे." आणि फोन ठेवला.

वाशीमला ग्राहक आयोगापुढे प्रकरण उभं राहिलं. कस्तुराबाईनं लेखी प्रतिज्ञापत्र दिलं होतं, पण कंपनीच्या वकिलानं तिची उलटतपासणी मागितली. ठरल्या दिवशी ती समीक्षासोबत एस.टी.नं वाशीमला गेली. धीरज आला नाही. बापूराव स्टँडपर्यंत सोडायला आले होते. बस सुटताना खिडकीतून म्हणाले, "भेऊ नोको," आणि ओशाळल्यासारखे परत फिरले.

वकील चांगल्या कपड्यांतला, चांगल्या आवाजाचा होता.

"तुमचं शिक्षण किती?"

"चवथी."

"इंग्रजी येतं?"

"नाई."

"जाहिरात इंग्रजीत आहे. मग तीत काय खरं, काय खोटं, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता?"

"माह्या खोलीत एसी नाई, हे सांगाले इंग्रजी कायले लागते साहेब?"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. वकिलाचा आवाज कडक झाला. "म्हणजे खोटी माहिती तुमच्या घरातून गेली. हिवाळ्यातले पैसे तुमच्या घरात आले. मग दोष कंपनीचा कसा? दोष तुमचाच."

"आमचा हाय," कस्तुराबाई म्हणाली. "लिवून घ्या. माह्या पोराचा हाय, माहाबी हाय, मी इचारलं नाई म्हनून. आमाले जे देनं लागन ते आमी देऊ. पर खुना कराले शिकवलं तुमच्या मानसानं. खोली सोडू नोका म्हनून त्या पोरीले बसवून ठेवलं तुमी. मानूस येऊन राह्यला, येऊन राह्यला, अन् कोनीच आलं नाई. तेवढंबी लिवून घ्या."

अध्यक्षांनी लेखनिकाकडे पाहिलं. तो लिहीत होता.

बाहेर व्हरांड्यात सुचिता भिंतीला टेकून उभी होती. कस्तुराबाई तिच्यासमोर थांबली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," सुचिता म्हणाली.

"मी मांगतबी नाई, बाई."

सुचितानं मान खाली घातली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून कस्तुराबाईच्या हातात दिली, कारण साक्ष देऊन तिचा घसा कोरडा पडून आवाज फाटला होता. कस्तुराबाई दोन घोट प्यायली, आणि मगच रडली.

निकाल सुचिताच्या बाजूनं लागला. कंपनी दोषी, घरमालकही दोषी. बापूरावांनी एकही कारण न सांगता आपल्या वाट्याची भरपाई भरून टाकली. कंपनीनं वर अपील केलं आहे. तिच्याकडे वकील पुष्कळ आहेत आणि तिला घाई नाही. धीरज कारंज्याला वेगळा राहतो, एका दुकानात कामाला लागला आहे. बाजाराच्या दिवशी तो पाट्या उतरवू लागतो. आईशी बोलतो, पण वर पाहून बोलत नाही. कस्तुराबाईचा फोटो पानावरून गेला. बांधावरच्या खोल्यांत पुन्हा कांदा भरला आहे.

पण मुक्कामसाथी बंद झाली नाही. यंदाच्या हिवाळ्यात पलीकडच्या गावच्या गोमतीबाईनं फोन केला. गोमतीबाई विधवा, रस्त्याकडेला तिचं चांगलं घर. "कस्तुरा, कंपनीचे लोक आले हायेत. म्हन्तात, आई पाहिजे फोटोत. लेक म्हन्ते काढून घे. काढू का वं?"

"मी येतपर्यंत हालू नोको," कस्तुराबाई म्हणाली, आणि मिळेल त्या ऑटोनं निघाली.

ती पोहोचली तेव्हा गोमतीबाई नवी साडी नेसून ओसरीवर बसली होती आणि एक नवाच मुलगा कॅमेरा सावरत होता. कस्तुराबाई सरळ जाऊन त्या दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"आंदी वाचून दाखव. या बाईच्या फोटोखाली काय लिवनार हायेस ते. आपल्या भाषेत. मंग काढ फोटो."

"मावशी, ते ऑफिसवाले लिहितात…"

"त्याईनं लिवलं असन ना काई? तेच वाच."

मुलानं इकडे तिकडे पाहिलं. मग मोबाईल उघडून अडखळत वाचायला लागला. "बारमाही वाहणाऱ्या नदीच्या काठी, गोमती आई तुमची वाट पाहत आहेत…"

"कोन्ती नदी?" गोमतीबाईनं विचारलं.

मुलानं मोबाईल खिशात घातला.

"कोन्ती नदी रे?" ती उठून उभी राहिली. "संक्रांत झाली का टँकरची वाट पाह्यतो आमी. सांग ना, कोन्ती नदी?"